एकट्यानं आत जायचं न्हाई

कमलताई गेल्याचं कळलं तेव्हा मी पूर्णा स्टेशनवर होतो. बहिणीला गाडीत बसवून दिलं होतं आणि हातातला भज्यांचा पुडा संपल्याशिवाय परभणीला परतायचं नाही, असा निश्चय करून बाकावर बसलो होतो. तेवढ्यात अय्युबभाईंचा फोन आला. अय्युबभाई आमच्याच कार्यालयात, माझ्या मागच्या टेबलावर बसतात. ते फोनवर मोजकंच बोलतात, त्या दिवशीही तसंच बोलले. "गोपाळभाऊ, ताई गेल्या सकाळी." आणि मग, "अजून एक हाय. ते साहेब परत यायलेत आपल्याकडं. ऑर्डर निघाली."

माणसाच्या पोटाला मानपान कळत नाही. दुःखाला पुढं जाऊ द्यावं, भीतीला जरा मागं थांबवावं, असं काही त्याला जमत नाही. दोन्ही बातम्या एकदमच आत शिरल्या आणि माझं तोंड कोरडं पडलं. भजं गिळेना. ताई असत्या तर त्यांनी आधी विचारलं असतं, "सुकलं का तोंड? पाणी पी."

मी परभणीतल्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. कोणत्या ते सांगत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आपलंच वाटू दे. गाव झरी. कामापेक्षा गोष्टी सांगण्यात माझं नाव मोठं. लग्नात पंगतीला उशीर होणार असला की यजमान वाढप्यांच्या आधी मला शोधत येतात. तलाठ्यापासून तमाशातल्या मावशीपर्यंत सगळे आवाज माझ्या घशात राहायला आहेत आणि भाडं देत नाहीत. कमलताई या घशाच्या पहिल्या चाहत्या. पेडगावच्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, आमच्या कार्यालयाच्या हेडक्लार्क. हसल्या की तोंडाला पदर लावायच्या नाहीत. मान मागं टाकून असं हसायच्या की बाहेर गाडी लावणारा माणूस वर बघायचा. जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देऊन दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसलेला असायचा. बुद्धपौर्णिमेला खिरीचा डबा आणायच्या आणि वाटता वाटता मला म्हणायच्या, "तू शेवटी घे रं, न्हाई तर दुसऱ्याला उरत न्हाई."

आणि मग ते साहेब आले.

पहिले काही दिवस गोड गेले. नंतर टेबलावरच्या घंटीची वाटणी झाली. एकदा वाजली तर शिपाई, दोनदा वाजली तर मी. आत गेलं की उभं राहायचं. साहेब मोबाईलवर बोलत असायचे, वर बघायचे नाहीत. खुर्च्या रिकाम्या, पण "बसा" नाही. पाहुणे असले तर मात्र लगेच लक्ष जायचं. "हे आमचे नटसम्राट. रेडा कसा ओरडतो, दाखवा जरा." मी दाखवायचो. पाहुणे हसायचे. "आता रेडा ऑफिसात उशिरा आला तर?" तेही दाखवायचो. हळूहळू माझ्याकडच्या फायली दुसऱ्यांना गेल्या. नटाला फायली कशाला, म्हणाले. आणि मग भरल्या बैठकीत विचारलं, "तुमच्या टेबलावर काहीच दिसत नाही. तुम्ही पगार कशाचा घेता, गोपाळराव?"

मी काय करायचो? बाहेर येऊन चहाच्या वेळी त्याचाच खेळ लावायचो. साहेबांचा आवाज, पाहुण्याची ढेरी, मधे मी रेडा. लोक डोळे पुसायचे हसून. घरी मात्र वेगळा खेळ चालला होता. सकाळी देवघरात घंटा वाजली की माझ्या हातातला कप हिंदकळायचा. बायकोनं काही विचारलं नाही, पण एक दिवस घंटा कोनाड्यात गेली आणि आमच्या घरी देवपूजा मुक्यानं व्हायला लागली. देवाचीही काही तक्रार आली नाही.

एका चहाला मी असाच रंगात आलो होतो. सगळे हसत होते आणि ताई हसल्या नाहीत. सगळे पांगल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"हात बघ तुझे."

"काय झालं हाताला?"

"थरथरायलेत. आणि बोलताना जीभ टाळूला चिकटायलीय. तुझी गोष्ट मी इतकी वर्षं ऐकते, तुझं तोंड कधी सुकलं न्हाई."

"अहो ताई, गंमत चाललीय नुसती. साहेबांचा स्वभाव तसा..."

"गंमत दोघांची असती गोपाळा. आत तुला 'न्हाई करत रेडा' असं म्हणता येतंय का?"

मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"मग ती गंमत न्हाई. तरास हाय तो. आणि तरासाला तरासच म्हणायचं. लाडाचं नाव देऊन पोसत बसायचं न्हाई."

मग त्यांनी त्यांच्या आजोळची गोष्ट सांगितली. त्या काळी विहिरीवर त्यांच्या वस्तीतल्या बाया कधी एकट्या जायच्या नाहीत. दोघी जायच्या. पुढचीला कुणी टाकून बोललं तर मागचीनं भांडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, नुसतं तिथं उभं राहून बघायचं. "बघणारं कुणी असलं की बोलणाऱ्याची जीभ आखडती. माझी आजी म्हणायची, घागरीला घागर सोबत पाहिजे." एवढं सांगून त्या उठल्या आणि जाता जाता आमच्या कार्यालयाचा नवा कायदा त्यांनी जाहीर केला, "उद्यापासून एकट्यानं आत जायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी घंटी दोनदा वाजली. मी उठलो, आणि माझ्या मागं दुसरी खुर्ची सरकली. ताईंच्या हातात त्यांचं फुलपात्र होतं, काठाला पोचा पडलेलं स्टीलचं, पाण्यानं भरलेलं. आत दोन पाहुणे बसले होते. साहेबांनी वर बघितलं. "मी एकालाच बोलावलंय."

"व्हय साहेब," ताई म्हणाल्या आणि फुलपात्र टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. "याचं तोंड सुकलंय. आधी पाणी पिऊ द्या, मंग बोला."

मी पाणी प्यायलो. भरल्या दालनात एक माणूस घटाघटा पाणी पितो आणि बाकीचे बघतात, असं नाटक मी कधी बसवलं नाही. त्या दिवशी रेडा झाला नाही. बाहेर आल्यावर मला वाटलं, ताई आता हसतील. त्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या. "माझेपण पाय लटपटायलेत," म्हणाल्या. "पण दोघांचे मिळून चार झाले ना रं."

त्याची किंमत त्यांच्याकडूनही वसूल झाली. त्यांचं टेबल जुन्या कागदांच्या खोलीत हलवलं, जिथं पंखा नव्हता, भिंतींना ओल होती आणि उंदीर होते. त्यांची रजा अडवली. तरी घंटी दोनदा वाजली की त्या ओल अंगावर घेऊन तिथून यायच्या. बाकीचे मात्र माना खाली घालून बसायचे. अय्युबभाई तर घंटी वाजली रे वाजली की उठून कपाट उघडायचे आणि मी परत येईपर्यंत त्यात डोकं घालून काहीतरी शोधत राहायचे. मी त्यांना दोष देत नाही. तीन मुली शिकत होत्या त्यांच्या.

शेवटी ताईंनी मला तक्रार करायला लावली. वरच्या कार्यालयातून एक बाई आणि एक गृहस्थ चौकशीला आले. मला आत बोलावलं. आणि इथं मी जन्मजात नट असल्याचा पुरावा दिला. समोर दोन प्रेक्षक दिसले आणि माझा घसा सुटला. साहेबांचा आवाज काढला, पाहुण्याची ढेरी काढली, रेडा तर असा काढला की गृहस्थांना ठसका लागला. बाईसुद्धा ओठ दाबून हसायला लागल्या. "मजेशीर आहात हो तुम्ही," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्या टोपणाचा आवाज ऐकला आणि मला कळलं, की सगळं हातातून निघून चाललंय. माझा त्रास एक चांगला किस्सा होऊन या दोघांसोबत गाडीत बसून जाणार होता. साहेब इथंच राहणार होते. मीही.

ताई साक्षीदार म्हणून कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "गोपाळा, गोष्ट नको. झालं ते सांग."

मग मी आवाज न काढता सांगितलं. हात मांडीखाली घेतले. उभं कसं राहायचो, फायली कशा गेल्या, बैठकीत काय विचारलं, घरातली घंटा कोनाड्यात कशी गेली. मधे मधे तोंड सुकत होतं. कुणी हसलं नाही. बाईंनी पुन्हा पेन उघडलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट कथाकथन, आणि ऐकणारे सर्वांत चांगले.

साहेबांची बदली झाली. कारण "प्रशासकीय" लिहून आलं. कागदाला लाज असती तर तो लाल झाला असता. पण फायली माझ्याकडे परत आल्या, ताईंचं टेबलही परत आलं. पुढं त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी त्यांची नक्कल केली आणि त्या मान मागं टाकून हसल्या. जाताना फुलपात्र मात्र नेलं नाही. "राहू दे इथंच. माझ्या घरी भांडी लय हायत."

शेवटचं भेटलो तेव्हा त्या नांदेडच्या दवाखान्यातून घरी आल्या होत्या. अंग पार गेलं होतं, आवाज तेवढा राहिला होता. मी बातम्या सांगितल्या, दोन-चार आवाज काढले. त्या हसल्या नाहीत, पण त्यांना बरं वाटत होतं. मधेच त्यांनी विचारलं, "आता कोण जातं तुझ्यासंगं?" मी म्हटलं, "ताई, आताचे साहेब साधे आहेत, घंटी एकदाच वाजवतात." त्यांनी हातानंच मला थांबवलं. "साहेब बदलत राहतेत रं... मी विचारायले, कोण जातं?" मी विषय बदलला. तेवढी कला माझ्यात आहे.

ते जुने साहेब रुजू झाले. केस पिकलेत, चष्मा बदललाय. पहिले दोन दिवस शिपाईच आत-बाहेर करत होता. त्या दोन दिवसांत माझ्या बायकोनं न विचारता पुन्हा घंटा कोनाड्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी जेवणाआधी घंटी वाजली. एकदा. आणि मग, जरा थांबून, पुन्हा.

सगळ्या माना खाली गेल्या. मी उठलो. तोंड कोरडं ठणठणीत. मागं खुर्ची सरकली, आणि लगेच तो ओळखीचा आवाज आला, कपाटाच्या दाराची करकर. बघायची गरज नव्हती. अय्युबभाई कपाटात डोकं घालून उभे असणार. मी दालनाच्या दारापर्यंत गेलो, दाराला हात लावला, आणि तिथंच थांबलो... का थांबलो, सांगता येत नाही. मागून माठात भांडं बुडाल्याचा आवाज आला. मग चपलांचा.

अय्युबभाई माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. हातात फुलपात्र, काठाला पोचा पडलेलं. पाणी त्यांच्या बाहीवर सांडत होतं.

"चला गोपाळभाऊ," ते म्हणाले. "ताईंनी कपाटात ठिवलं होतं. मलाच सांगून गेल्या होत्या."

साहेबांनी वर बघितलं आणि तेच वाक्य म्हणाले, की मी एकालाच बोलावलंय. अय्युबभाईंनी फुलपात्र माझ्यासमोर ठेवलं. ते नुसते उभे राहिले आणि बघत राहिले.

मी पाणी सावकाश प्यायलो. सगळं.