भेट म्हणून द्या, चालतं

त्या माणसाचा मला आजही राग येतो. नुसता आठवला तरी येतो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मिश्या नीट कातरलेल्या, आणि मला, अडुसष्ट वर्षांच्या बाईला, ‘यंग लेडी’ म्हणणारा. इथे टेक्सासमध्ये, प्लेनोतल्या एका दुकानात मासे धरायचे गळ, तंबू, फोल्डिंगच्या खुर्च्या आणि बंदुका असं सगळं एकाच छताखाली मिळतं, तिथे तो बंदुकांच्या काउंटरवर उभा असतो. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. चेहऱ्यावरून लबाड वाटला असता तर मी सावध तरी राहिले असते.

माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतो. आयटीत आहे, वर्क व्हिसावर, आणि अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे. बायको आहे, सहा वर्षांची मुलगी आहे. हे गेल्यापासून माझं इथलं हक्काचं माणूस म्हणजे तोच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गल्लीत एका तेलुगू कुटुंबाचं घर फुटलं. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक झालंय. ते लोक देवळात कार्यक्रमाला गेले होते, तेवढ्यात मागचं दार तोडून देव्हाऱ्यातल्या चांदीसकट सगळं नेलं. त्यानंतर भाचा टूरवर गेला की त्याची बायको मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला यायची. त्यालाच ते लागलं. आपण घरच्यांना घरात सुरक्षित ठेवू शकत नाही, असं काहीतरी डोक्यात घेऊन बसला.

मी म्हटलं, कुत्रा पाळ. तर मुलीला ऍलर्जी. मग एका शनिवारी तो त्या दुकानात गेला. काउंटरवरच्या माणसाने त्याचा पासपोर्ट उघडून व्हिसा पाहिला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, हे मी मुद्दाम सांगतेय. म्हणाला, ह्याच्यावर तुम्हाला बंदूक नाही देता येणार. इथवर बरोबर होतं. तिथेच थांबला असता तर मी त्याच्या नावाने दिवा लावला असता. पण नाही. ह्याचं पडलेलं तोंड बघून त्याला दया आली. विचारलं, घरात कुणी सिटिझन आहे का? भाचा म्हणाला, मावशी आहे. मग काय, मावशीला घेऊन या, ती विकत घेईल आणि तुम्हाला भेट म्हणून देईल. भेट देणं कायदेशीर आहे, लोक नेहमी करतात.

भाचा घरी आला आणि मला म्हणाला, “मावशी, तुझ्या नावावर घ्यायची आहे एक वस्तू.”

आता ह्या वाक्यावर माझे कान टवकारले जायला हवे होते. पण हे वाक्य ऐकतच मी मोठी झालेय. आमच्या घरात वस्तू ज्याच्या नावावर असते तो ती वापरत नाही. गॅसचं कनेक्शन आजोबांच्या नावावर होतं, ते जाऊन वीस वर्षं झाली तरी सिलिंडर त्यांच्याच नावाने यायचा. काकाच्या नावावरची स्कूटर वडील चालवायचे. इथे येऊनही तेच. भाच्याचा पहिला फोन माझ्या फॅमिली प्लॅनवर, त्याच्या पहिल्या अपार्टमेंटच्या लीजवर माझी सही, घाऊक सामानाच्या दुकानाचं कार्ड माझं आणि त्यावर त्याची बायको तांदळाच्या गोणी आणते. कुणाचा तरी कागद चालतोय ना, मग त्याच्यावर घ्या. ह्यात काही खोटं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. ती आमच्यात माया असते. त्या काउंटरवरच्या माणसाला हे कुठून कळणार, पण त्याने नेमकी तीच कळ दाबली.

मी गेले. दुकानात माझ्यासमोर फॉर्म आला. मी विचारलं, “ही भाच्यासाठी आहे, हे इथे कुठे लिहायचं?” तो हसला आणि म्हणाला, “भेट आहे ना, मग घेणाऱ्या तुम्हीच. इथे हो, बाकी सगळीकडे नाही.” भाचा माझ्या शेजारी उभा. त्यानेच ती निवडलेली. आणि मी, यंग लेडीने, त्या बोटाच्या मागोमाग खुणा करत गेले. एक हो, बाकी नाही. सही केली. घरी येताना आम्ही डोसा खाल्ला.

मी फार्मसिस्ट होते हे मी अजून सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटते. एकतीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते. बारीक अक्षर वाचायचा मला पगार मिळत होता. एकदा, एकदाच, गर्दीच्या वेळी एका म्हाताऱ्याने विचारलं की ह्या गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूटचा ज्यूस चालेल का, आणि मी लेबल लावता लावता ‘हो, हो’ म्हणून गेले. दहा मिनिटांनी लक्षात आलं की त्या ज्यूसने ते औषध अंगावर येऊ शकतं. तीनदा फोन केला, उचलला नाही, तेव्हा पांढऱ्या कोटासकट गाडी काढून त्याच्या घरी गेले. तो बागेला पाणी घालत होता. मला म्हणाला, एवढ्यासाठी आलात? तर हो, एवढ्यासाठी आले. मला माहीत नसलं तर ‘विचारून सांगते’ म्हणायला माझी जीभ कधी झडली नाही. समोरचा माणूस आपल्या शब्दावर घरी जाऊन काहीतरी करणार असतो, आणि तिथे आपण नसतो.

सहा महिन्यांनी भाच्याच्या बायकोने मला सांगितलं की बंदुकीच्या खोक्याचं कुलूप अडकतंय, काही माहितीपत्रक आहे का बघा. मी कागद काढले आणि सवयीने वाचायला लागले. त्यात एक घडी घातलेलं पत्रक होतं. दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेता येत नाही एवढंच नव्हे, जवळ बाळगताही येत नाही. शिकारीचं लायसन्स वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, तेही ह्याच्याकडे नव्हतं. भेट देणं कायदेशीर आहे, पण ज्याला बाळगायची परवानगी नाही त्याला नाही. आणि ज्या फॉर्मवर मी खुणा केल्या त्यात हा प्रश्न सरळ सरळ विचारलेला होता, तुम्ही ही अशा माणसाला देणार आहात का? मी ‘नाही’वर खूण केली होती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ती आग कुणावर काढावी तेच कळेना.

त्याच्या घरी जाऊन खोकं उचललं, डिकीत टाकलं, माझ्या घरी आणून कपाटात बंद केलं. भाच्याला फोनवरून एवढंच सांगितलं की ती माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. मग पत्रक घेऊन तडक दुकानात गेले.

तो तिथेच होता. मी आत शिरले तेव्हा त्याच्यासमोर एक मेक्सिकन माणूस उभा होता, हातात ग्रीन कार्ड, आणि हा त्याला त्याच सौम्य आवाजात सांगत होता की सॉरी, फक्त सिटिझन्सना. मी हातातल्या पत्रकाकडे पाहिलं. ग्रीन कार्डवाल्याला घेता येते, तिथे स्वच्छ छापलंय. म्हणजे ज्याला चालतं त्याला हा बाबा घालवून देत होता, आणि ज्याला चालत नाही त्याला मागच्या दाराने देत होता. त्याच्या मनात पाप नव्हतं की कपट नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं. आणि माहीत नाही, हे त्याला सांगताही येत नव्हतं. मी मध्ये पडून त्या माणसाला म्हटलं, तुम्हाला मिळते, हे चुकीचं सांगतायत. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत निघून गेला की बाईचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं.

मी पत्रक काउंटरवर आपटलं. म्हटलं, “तुम्ही मला काय सांगितलं होतंत?”

त्याने वाचलं. शांतपणे, चष्मा सावरत. मग डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे लिहिलं होतं की आमचे कर्मचारी कायद्याबाबत सल्ला देत नाहीत.

“मग त्या दिवशी जे दिलंत ते काय होतं?”

“मॅम, मी फक्त लोक काय करतात ते सांगितलं.”

मॅनेजर आली. पोरगी माझ्या निम्म्या वयाची, पण तयार होती. म्हणाली, फॉर्म तुम्ही भरलाय, सही तुमची आहे, वर लिहिलंय की वाचून भरा. तक्रार लेखी द्यायची तर जरूर द्या. म्हणजे मी लिहून द्यायचं की मी फॉर्मवर खोटं लिहिलं. आणि तोवर तो शहाणा काखा वर करून, फडक्याने काउंटरची काच पुसत उभा. मी त्याला मराठीत काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. त्याला कळलं नाही आणि माझा राग गेला नाही.

घरी येऊन भाच्यालाही फोनवर फैलावर घेतलं. इतका शिकलेला, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतोस, तुला एकदा नेटवर बघता आलं नाही? तो म्हणाला, “तू सही करतेयस म्हटल्यावर मी निश्चिंत होतो, मावशी.” ह्यावर मी फोन ठेवून दिला.

पुढे वर्ष गेलं. ह्या मार्चमध्ये अकरा वर्षांनी त्याच्या ग्रीन कार्डची तारीख लागली, म्हणजे शेवटचा अर्ज भरायची पाळी आली. ह्या दिवसाची आमच्याकडे लोक कशी वाट बघतात ते बाहेरच्याला नाही कळायचं. तारीख पुढे येते तशी मागेही जाते, म्हणून लागली की अर्ज फेकायचा, एक दिवस थांबायचं नाही. आणि हा थांबला. एप्रिल गेला. मी विचारलं, अर्ज गेला का? करतोय मावशी. मे गेला. कामात आहे मावशी. त्याच्या बायकोला विचारलं तर ती डोळे चुकवून म्हणाली, मला काही सांगत नाही तो. जूनमध्ये मी गाडी काढली आणि त्याच्या घरी जाऊन त्याच्यासमोर बसले.

जे तोंडात आलं ते बोलले. बेफिकीर म्हणाले, करंटा म्हणाले. तारीख मागे गेली तर मुलीला काय सांगशील, आणखी दहा वर्षं असंच टांगतं राहायचं का, आणि तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? मुलगी आतून आली आणि म्हणाली, “आजी, व्हाय आर यू यलिंग ऍट बाबा?” तिला तिच्या आईने हाताला धरून आत नेलं.

भाचा उठला आणि लॅपटॉप घेऊन आला. अर्ज भरलेला होता. पहिल्या पानापासून सगळा, फोटोसकट तयार. एकच जागा रिकामी होती. तिथे विचारलं होतं, तुम्ही कधी एखादा गुन्हा केला आहे का, पकडले गेला नसलात तरी?

“मग?” मी म्हटलं. “ती बंदूक सहा महिने तुझ्या घरात होती. तुझं ग्रीन कार्डचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना खरं सांग, काय लिहायचं ते त्या ठरवतील. त्या दुकानातल्यासारखा तो घोडचुकीचा सल्ला नसेल.”

“खरं सांगायला मला काही नाही, मावशी. माझं जे व्हायचं ते होईल.” तो लॅपटॉपकडेच बघत होता. “पण त्याच्यापुढे त्या विचारणार, आणली कुणी.”

मार्चपासून तो हे घेऊन बसला होता. अकरा वर्षं ज्या दिवसासाठी काढली तो दिवस हातातून जाऊ देत होता, बायकोला सांगत नव्हता, माझ्या शिव्या खात होता, आणि का, तर त्या कागदावर माझी सही आहे म्हणून. मला वाटत होतं की रागावण्याचा हक्क एकट्या मला आहे.

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी डोळे पुसले, त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

“वकीलबाईंची वेळ घे,” मी म्हटलं. “दोघांची घे. आधी मी बोलणार आहे.”