बयनाबाईनं बदललेला शेवट

इचोड्याच्या टॉकीजमध्ये तेलुगू सिनेमा लागला की गावातल्या मराठी बाया बयनाबाईला मधोमध बसवत. एका तेलुगू दुकानदाराच्या घरी भांडी घासता घासता ती भाषा शिकली होती. पडद्यावरचं बोलणं ती भराभर मराठीत सांगायची, आणि मध्येच कोणी बोललं तर कोपर मारायची.

एका वर्षी लागलेल्या सिनेमात सासरचा मार खाल्लेली मुलगी शेवटी माहेरच्या दारात येते, बाप एकच वाक्य बोलतो आणि पडदा काळा होतो. "ये पोरी, पाय धू, असं म्हणून राह्यला बाप," बयनाबाईनं सांगितलं. बाया डोळे पुसत, पण हलक्या मनानं घरी गेल्या.

वर्ष सरताना भिवाजी मास्तरांनी ओट्यावर बसून बायांना तेलुगू पेपर मराठीत वाचून दाखवला. समीक्षकांनी वर्षातले उत्तम सिनेमे निवडले होते, आणि तोच सिनेमा पहिला आला होता.

"शेवटच्या वाक्यासाठी दिला म्हणतात नंबर," मास्तर म्हणाले. "बाप म्हणतो, आमची पोर कधीच मेली, तुम्ही कोण?"

सगळ्या बाया बयनाबाईकडं वळल्या. "तू तं येगळंच सांगतलं होतं. काऊन वं?" चंपाबाईनं विचारलं.

बयनाबाई ताडकन उठली.

"हेच वाक्य म्या गुडीहत्नूरले माह्या बापाच्या दारात आयकलं हाय," ती म्हणाली. "नंबर देणाऱ्याईले म्हणा, तितं उभे राहून आयका. मंग द्या नंबर."