एकशे वीस किलोची मगर

प्राणिसंग्रहालयाच्या कार्यालयात माझ्यासमोरच्या टेबलावर ज्या बसत, त्यांना सारे मोजणीबाई म्हणत. काठावर पहुडलेल्या मगरीची लांबी खुणांच्या काठीने दुरून घेता येते. तिला काट्यावर चढवण्याची प्राज्ञा मात्र कोणाची नव्हती. म्हणून बाईंनी भूल दिलेल्या आणि मेलेल्या मगरींच्या वीस वर्षांच्या नोंदींतून सूत्र बसवले होते: मीटरमधील लांबीचा घन करावा, त्यास साडेचाराने गुणावे, म्हणजे किलोतील वजन मिळते.

पुढे दुसऱ्या संग्रहालयातून एक मगर आणण्याचे ठरले. भुलीच्या औषधासाठी तेथे तिचे वजन घेतले होते, एकशे वीस किलो. लांबी कळवलीच नव्हती आणि तेथील फोन बंद होता. पेटी आम्ही न्यायची होती व गाडी तिसऱ्या दिवशी निघणार होती.

"चार मीटरची करा," अधीक्षकसाहेब म्हणाले. "मोठी झाली म्हणून काय बिघडतं?"

"बिघडतं, साहेब. मागच्या मगरीला मोठ्या पेटीत वळता आलं आणि जबडा मोडला. एकोणीस दिवस 'अन्न घेतले नाही' असं मीच लिहीत होते. विसाव्या दिवशी लिहायला मगरच उरली नाही."

"मग लांबी तुम्हीच ठरवा. पण सही तुमची राहील."

"करते," बाई म्हणाल्या आणि तेथल्या तेथे पेटीच्या मागणीपत्रावर सही केली.

सुतारकामाच्या खोलीत सुतारदादांनी आधीच हिशेब मांडला होता. "ताई, आपली पंधरा किलोची मगर दीड मीटर आहे. ही आठपट, म्हणजे बारा मीटर. पेटी कसली, रूळच टाकावे लागतील."

बाईंनी लाकडाचा एक ठोकळा उचलला. "दादा, याच्या दुप्पट लांबीचा, पण अगदी याच घाटाचा ठोकळा रचून दाखवा."

दादांनी दोन ठेवले. मग रुंदीही दुप्पट हवी म्हणून आणखी दोन, उंचीसाठी वर चार. मोजून पाहिले, तर आठ.

"म्हणजे आठपट वजनाला लांबी दुप्पटच?"

"तीन मीटर. सूत्र उलटं चालवायचं: वजनाला साडेचाराने भागायचं आणि घनमूळ काढायचं."

गणितात यास व्यस्त फल म्हणतात. आलेल्या वाटेने पावलागणिक मागे जावे, तसे ते असते.

"आणि सूत्राने दगा दिला तर?"

"जाडी-रोडकी मगर असते, तेवढी सोय ठेवू. पेटी सव्वातीन मीटरची करा. मागची फळी सरकती असू द्या आणि तिच्यासाठी पावणेतीन मीटरपासून दर दहा सेंटिमीटरला खाच पाडा."

दार लावण्यापूर्वी माप स्वतः घ्यायचे, म्हणून बाईही गाडीत बसल्या. मगर आणायला जाते, असे घरी सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आणखी एक कशाला? तू आहेस की."

तेथे गुंगीतल्या मगरीला टेप लावली. दोन मीटर ब्याऐंशी. सोबत आलेले साहेब हसले. "अठरा सेंटिमीटरने चुकलात, बाई."

बाई मगरीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसल्या आणि शेपटीच्या टोकावरून बोट फिरवले. टोक बोथट होते; जखम जुनी, केव्हाच भरलेली.

"गणित चुकलं नाही, साहेब. शेपटी अपुरी आहे. टोकाला वजन नसतं, लांबी असते."

फळी पावणेतीननंतरच्या पहिल्या खाचेत, म्हणजे दोन मीटर पंच्याऐंशीवर बसवण्यात आली. वाटेत गाडी चार वेळा थांबवून बाईंनी झरोक्यातून आत पाहिले. मगर एकदा फुरफुरली, वळायला मात्र तिला जागा सापडली नाही.

आमच्या तळ्याच्या काठी दार उघडले. बराच वेळ ती हलली नाही. मग सरळ पुढे चालत पाण्यात उतरली. बाईंनी दोन्ही बाजूंनी तिचा जबडा निरखला, नोंदवहीत 'इजा नाही' असे लिहिले आणि 'लांबी' या रकान्याशेजारी रेघ ओढून नवा रकाना पाडला: 'शेपटी पूर्ण आहे काय?'