मागच्या सीटखालचं लोखंड

आमच्या शेडमध्ये किस्से साचतात ते ग्राइंडरखालच्या भुग्यासारखे. रोज संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा चपलेखाली करकर वाजतातच! मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या पोट धरून हसतात आणि मग एकदम गंभीर होऊन विचारतात, "पण तू तिथं नक्की करतेस काय गं?"

तेच सांगते. पण आधी ती काळजी, जिनं माझी दोन आठवडे झोप उडवली.

सोयगावकडचे एक जनावरांचे डॉक्टर आहेत, डॉ. काळे. डोंगरातल्या वस्त्यांवर, जिथं रस्ता फक्त नकाशात असतो, तिथं ते गाई-म्हशींच्या बाळंतपणाला जातात. त्यांच्या जुन्या जीपचे मागचे कमानपाटे चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथं धरलेले असतात, तो भाग दोनदा तुटला होता. आता त्यांना पाटे काढून मागं गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंग हव्या होत्या. एवढ्या जुन्या जीपला असलं काही तयार मिळत नाही. म्हणजे स्प्रिंग, शॉकअप आणि ॲक्सल हे सगळं चेसीला धरून ठेवणारे लोखंडी माउंट आम्हीच बनवायचे. डिझाइन माझं. शेडमधलं पहिलंच!

सगळं ठरलं, चहा झाला, आणि निघता निघता डॉक्टर म्हणाले, "मजबूत करा हं मॅडम. मागच्या सीटवर माझी दोन पोरं असतात. रोज शाळेत सोडतो."

झालं! सिमेंटच्या गोण्या असतात म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

मी मेकॅनिकल इंजिनिअर. वाळूजच्या एका कंपनीत डिझाइनला होते. जुई झाली आणि सोडलं. पुढची चार वर्षं मी फक्त डब्यातल्या पोळीचे वेगवेगळे आकार डिझाइन केले. आता जुई साडेचार वर्षांची, शाळेत जाते, आणि मी चिकलठाण्याला शकीलभाईंच्या गाड्यांच्या शेडमध्ये. कंपनीत माझ्या डिझाइनवर सात जण सह्या करायचे. इथं मी एकटीच! तर आता ऐका.

*

पहिल्या दिवशी मी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि माउंटचं ड्रॉइंग दाखवलं. आमचे वेल्डर दगडूमामा, करमाडचे. साठीला टेकलेले. त्यांनी हात पुसले, ड्रॉइंगकडे बराच वेळ बघितलं, मान हलवली, आणि कोपऱ्यातला बिस्किटांचा रिकामा खोका घेऊन सरळ जीपखाली शिरले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते कात्रीनं कापलेला पुठ्ठ्याचा माउंट घेऊन.

"ताई, असं पायजे बघा."

मी तो पुठ्ठा माझ्या प्रिंटवर ठेवला. तीन मिलिमीटरचा फरक! मग मी मामांना कॉम्प्युटर का चुकत नाही, यावर छोटंसं व्याख्यान दिलं. मामांनी ते मनापासून ऐकलं. संपल्यावर माझ्या हातात टेप दिला. "मोजा."

ओढणी खोचून मी जीपखाली गेले. मोजलं. परत मोजलं. कुठल्या तरी जुन्या ठोकरीनं चेसीची उजवी बाजू बरोब्बर तीन मिलिमीटर आत गेलेली.

मामा उकिडवे बसून खाली डोकावले आणि माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "तुमचं ड्रॉइंग बरोबर हाय ताई. गाडीच चुकलीया!"

त्या दिवसापासून आमचा नियम आहे. एक ड्रॉइंग, एक पुठ्ठा. दोघांचं जमल्याशिवाय प्लेट कापायची नाही.

*

डावा माउंट आणि उजवा माउंट हे एकमेकांचे आरशातले भाऊ. हे मला कळतं. इंजिनिअर आहे मी! पण प्लेट वाकवायला आम्ही शेजारच्या गाळ्यात पाठवतो, आणि त्या कागदावर मी लिहिलं, "नग दोन". एक डावीकडे वाकवा, एक उजवीकडे, हे लिहायच्या क्षणी जुईच्या शाळेतून फोन आला. "काही काळजीचं नाही, पण..." असं कुणी सुरू केलं की मला पुढचं ऐकूच येत नाही. कागद तसाच टेबलावर टाकून मी स्कूटीवर!

जुईनं नाकात मटार घातला होता. मी पोचेपर्यंत तो शिंकेनं बाहेरही पडला होता.

परत आले तर कागद तसाच शेजारी जाऊन आलेला, आणि टेबलावर दोन सुंदर, चकचकीत माउंट. दोन्ही डावे!

मला रडूच यायचं बाकी होतं. शकीलभाईंनी दोन्ही माउंट हातात घेऊन निरखले. "टेन्शन नक्को लेव मैडम. अब दो राइट बनाव. दूसरी जीप मैं लाता!"

मला वाटलं धीर देतायत. चौथ्या दिवशी तस्सलीच जीप दारात उभी! डॉक्टरांच्याच ओळखीतली.

आता कुठलंही नवीन काम आलं की शकीलभाई आतून ओरडतात, "मैडम, पैले दोनों लेफ्ट बनाव! धंदा बढ़ता!"

*

मग माझी काळजी कामाला लागली. जीप दगडावरून आपटली तर किती जोर येईल, ते काढलं. त्याची दुप्पट केली. दोन पोरं आठवली, तिप्पट केली. माउंटच्या कोपऱ्याला टेकूची एक तिरकी पट्टी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक. डबा खाताना तिसरी सुचली.

मामा सगळं मुकाट्यानं जोडत गेले. चौथी पट्टी घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो माउंट दोन्ही हातांनी उचलला, म्हणजे उचलायचा प्रयत्न केला, आणि विचारलं, "ताई, ह्यो जीपला लावायचा, का जीप ह्याला लावायची?"

मी चौथी पट्टी पाठीमागं लपवली.

"माउंट लई आडमुठा झाला ना, की मग तो नाय तुटत. चेसी फाटती. थोडं वाकू द्यावं लागतं लोखंडाला."

हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. पेपरात आलंही होतं. चांगले मार्क पडले होते! दोन पट्ट्या काढल्या, गणित पुन्हा मांडलं, यावेळी पोरं बाजूला ठेवून. बरोबर आलं.

घरी गेल्यावर जुईच्या दप्तरातला जास्तीचा स्वेटरही काढून ठेवला. एप्रिल चालू होता.

*

माउंटला साधे बोल्ट चालत नाहीत. जास्त ताकदीचे लागतात आणि ती ताकद बोल्टच्या डोक्यावर आकड्यात कोरलेली असते. आमचा नेहमीचा दुकानदार लग्नाला गेला होता, म्हणून मी औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले. एका हातात जुईचं नवीन दप्तर, दुसऱ्या हातात नमुन्याचा बोल्ट.

काउंटरवरच्या काकांनी बोल्ट पाहिला, दप्तर पाहिलं, मला पाहिलं. "ताई, साहेबांना फोन लावून एकदा विचारून घ्या ना. उगं बदलायला परत याल."

मी म्हटलं, बरं. फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. माझा नवरा कॉलेजात इतिहास शिकवतो.

"अहो, दहा पॉइंट नऊचे बोल्ट घेऊ की आठ पॉइंट आठचे?"

पलीकडची पेपरांची सळसळ थांबली. मग आवाज आला, "वाजता?"

काकांनी फोनकडे पाहिलं. मग अतिशय आदरानं बोल्टचा अख्खा ट्रे माझ्यासमोर सरकवला. "तुम्हीच निवडा मॅडम."

*

गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढायची असते, नाहीतर करंट जाऊन गाडीतलं काहीही जळू शकतं. आणि वेल्डिंग चालू असताना कुणी शहाण्यानं ती परत जोडू नये, म्हणून मामांची एक पद्धत आहे. वायरचा नट काढतात आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकतात. "खिशात हाय तवर गाडी माझी!"

एका शनिवारी मामा लवकर निघाले. डॉक्टर जीप फक्त हलवून बघायला आले, चावी फिरवली, काहीच नाही. शकीलभाईंनी मामांना फोन लावला. मामा करमाडला पोचलेले, जेवायला बसलेले. "खिसा बघतो," म्हणाले. शर्ट धुवायला गेलेला!

मग मागून मामींचा आवाज, आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल असा, "डब्यात टाकलाय तुमचा नट! बाकीच्या सतरा नटांसंग! कुणाकुणाच्या गाड्या बंद पाडून ठेवल्या हायेत हो तुम्ही?"

*

सासूबाईंना शेजारच्या काकूंनी विचारलं, "सून कुठं असते हो दिवसभर?"

सासूबाई म्हणाल्या, "गाड्यांच्या मागं असते."

काकू अजून माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतात!

*

आता शेवटचं. माउंट बसले, स्प्रिंग बसल्या, रंग झाला. प्रत्येक बोल्टवर मी पिवळ्या पेंटनं एक रेघ ओढली. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रविवारी करमाडपुढच्या बंद पडलेल्या खदानीत ट्रायल ठरली. नवऱ्याला परीक्षेची ड्यूटी, सासूबाई गावी, म्हणून जुई माझ्यासोबत.

शकीलभाईंच्या शेडचा एक जुना कायदा मला तिथं पोचल्यावर कळला. गाडी चालवणार मामा. आणि मागच्या सीटवर, बरोबर माउंटच्या वर, कोण बसणार?

"जिसने बनाया, वो पीछे बैठता," शकीलभाई म्हणाले. "मेरे वालिद के टैम से."

जुईला डॉक्टरांच्या शेजारी उभं केलं आणि बसले. शेजारी वाळूच्या दोन गोण्या, पट्ट्यानं बांधलेल्या. मामांनी जीप दगडांवर घातली. एक चाक वर, एक खड्ड्यात. स्प्रिंग दबली, उसळली. माझे कान फक्त खाली होते, कुठं कट् होतंय का. पहिली फेरी. दुसरी, जोरात. तिसरी इतकी जोरात की एक गोणी फुटली आणि माझ्या मांडीवर वाळूचा ढीग झाला.

उतरले आणि टॉर्च घेऊन तशीच खाली शिरले. सगळ्या रेघा पाहिल्या. एकही तुटली नव्हती. वेल्डवरून बोट फिरवलं. कुठं केसाएवढीही चीर नाही. मामा म्हणाले, "बास की ताई, किती वेळा बघताल?" मी आणखी एकदा पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "मग उद्यापासून पोरांना बसवू ना?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि जुईकडे नजर गेली. ती कधीपासून जीपच्या पायरीवर चढून उभी होती. मला एकदम वाटलं, त्यांची दोन बसायच्या आधी माझी एक बसायला नको का? आणि ती बसवायला माझा हात धजत नसेल, तर मी "हो" कुठल्या तोंडानं म्हणायचं?

शकीलभाई लांब बघत राहिले.

"मामा, एक फेरी अजून," मी म्हटलं. "हळू."

जुईला मागं बसवलं. पट्टा लावला. ओढून पाहिला, परत ओढून पाहिला. शेजारी मी. मामांनी गाडी पहिल्या गिअरला टाकली. तेच दगड, तोच खड्डा. मागचं डावं चाक वर गेलं, उजवं खाली बसलं, जीप तिरकी होऊन क्षणभर थांबली आणि अगदी सावकाश, म्हैस पाण्यात उतरावी तशी, पलीकडे उतरली. खालून आवाज नाही. काही नाही.

मी डोळे उघडले. माझं लोखंड बरोबर होतं. हे मी अजिबात न लाजता सांगते, ते पहिल्यापासून बरोबर होतं!

डॉक्टर धावत आले. जुईसमोर वाकून विचारलं, "काय बाळा, भीती वाटली का?"

जुईनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. पुढच्या सीटकडे वाकून तिनं मामांच्या खांद्यावर टकटक केलं.

"मामा, आता आईला उतरवा ना. मग आपण जोरात जाऊ!"