पुळणीवरची लाल साडी

रविवार पेठेतल्या एका कापडवाल्याने मला पक्का म्हणून कच्चा लाल रंग विकला. फसवले त्याने, फसलो मी, आणि बुडता बुडता वाचली माझी बायको. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे निवांत सांगता येईल.

खडकीत माझे शिवणकाम. एका मशिनवर सुरुवात केली, आज सात आहेत. हिंजवडीत कंपन्या आल्यापासून त्यांचे टी-शर्ट आणि झेंडे माझ्याकडेच असतात. त्यातल्या एका कंपनीने कोकणातल्या एका गावाला समुद्रावर लावायचे बावटे भेट दिले. अर्धा लाल, अर्धा पिवळा असला की जीवरक्षक हजर, त्या हद्दीत डुंबा. अख्खा लाल असला की पाण्यात पाऊल टाकू नका. मी शिवले, कोपऱ्यात कंपनीचे नाव छापले, पाठवले.

"दुनियेचे झेंडे शिवता, एक तरी फडकताना दाखवा," माझी बायको मंगल म्हणाली. म्हणून मार्चमध्ये स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. घाटात तिला मळमळले, खाली उतरल्यावर भूक लागली. एका खानावळीत गरम घावणे आणि नारळाचा रस खाल्ला. मी तिसऱ्यांदा रस मागितला तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "पुण्यात नारळ मिळत नायत वाटतं?" पुण्याबाहेर असा टोमणा ऐकून बरे वाटले.

सुरूच्या झाडांमधून पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) आलो आणि मंगल गप्प झाली. लग्नाला बत्तीस वर्षे झाली, हे प्रथमच. तिने चपला माझ्या हातात दिल्या.

"अहो, जाऊ का पाण्यात?"

मी आधी बावटे शोधले. एकही दिसेना. एका उंच बांबूवर तेवढी कुणाची तरी लाल साडी वाळत होती. वारा तिथे चांगला लागत असणार. कोकणी माणूस काही वाया घालवत नाही, मला कौतुकच वाटले.

"जा बिनधास्त," मी म्हणालो. "लाल बावटा असता तर मी ओळखला नसता? माझ्याच हातचा आहे."

ती गुडघाभर पाण्यात गेली. मागे वळून हसली. तेवढ्यात लाट परतली, तिच्या पायाखालची वाळू सरकली आणि ती बसलीच. पुढच्या लाटेला ती मला दिसेना. मी चपला हातात धरून ओरडत राहिलो. मला पोहता येत नाही.

शिट्टी वाजली. एक काळासावळा, पन्नाशीचा माणूस दोरी बांधलेली ट्यूब घेऊन माझ्या शेजारून धावत गेला आणि मंगलला दंडाला धरून घेऊन आला. ती खोकत होती. मी त्याचे आभार मानायचे सोडून त्याच्यावर ओरडलो, "बावटा लावायला काय होतं तुम्हाला?"

"लावलाय की!" त्याने बांबूकडे बोट दाखवले. "लाल दिसत नाय?"

"ती साडी आहे!"

"साडीच हाय. बायकोची. बावटा पुण्यावरनं आला होता, तो बघा." त्याने झोपडीतून एक फडके आणून माझ्यापुढे धरले. लाल कुठेच नव्हते, नुसता मळकट पांढरा. कोपऱ्यात कंपनीचे निळे नाव मात्र झगझगीत.

मंगल दात वाजवत म्हणाली, "ह्यांनीच शिवलाय."

दत्ताराम त्याचे नाव. तो हसला, मला ते हसणे फार लागले. पण घरी नेऊन त्याने मंगलला कोरडे लुगडे आणि आम्हा दोघांना आल्याचा चहा दिला. त्याची बायको रुक्मिणी म्हणाली, "साडी जत्रेतली. तीन पावसाळे झाले, कापड विरलं, रंग नाय हलला."

मी लगेच सौदा मांडला. "वहिनी, ती साडी मला नमुन्याला द्या. बदल्यात दोन नव्या देतो."

"आणि उद्या बांबूवर काय लावू? तुमचं तोंड लाल झालंय खरं, पण ते उद्या पुण्याला जाणार."

मंगल इतकी हसली की तिला पुन्हा खोकला आला. त्या खोकल्याने माझा राग उतरला.

परतताना एसटीत तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले. मला वाटले झोपली. ती म्हणाली, "कापड घेताना मी होते दुकानात. तुम्ही भाव पाडत गेलात, पाडत गेलात, आणि तो एकदम गप्प झाला. मग आत जाऊन कापडाचं दुसरं ठाण घेऊन आला. आठवतंय?"

आठवत होते. त्या दिवशी मी जिंकल्यासारखा घरी आलो होतो.

आता नवे बावटे तयार आहेत. या वेळी कापड महिनाभर रोज मिठाच्या पाण्यात बुडवून गच्चीवर उन्हात टाकले, मगच कात्री लावली. ते घेऊन मी स्वतः जाणार आहे, दोन साड्यांसह.

त्याआधी रविवार पेठ. शेठ, भाव मी पाडला, कबूल. त्याचे उत्तर मी मंगलला दिले आहे, दत्तारामलाही देईन. पण हे कापड समुद्रावर माणसे वाचवायला लागणार, हे मी तुम्हाला सांगितले होते. "एवढ्या भावात पक्का रंग परवडत नाही, उठा," एवढे म्हणायला तुमची जीभ का उचलली नाही? ठाण बदलून "पक्का" का म्हणालात? मंगलला बरोबर आणतो. तिच्याकडे बघून उत्तर द्या.