फिरत्या टाकीची पूजा

खंडेनवमीला माझी भाची मृणाल मला तिची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. फिरत्या लोखंडी चकतीवर पाण्याची काचेची टाकी होती. खालून तापवलेली, वरून गार ठेवलेली. तापलेलं पाणी वर चढताना टाकीच्या फिरण्याने त्याला पीळ पडत होता, आणि केसाएवढे तापमापक त्या खळबळीची नोंद घेत होते.

तेवढ्यात संस्थेचे संचालक हार, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन आले. "यंत्र थांबवा. पूजा करायची आहे."

"सर, पाणी टाकीच्या लयीत यायला कालचा अख्खा दिवस गेलाय," मृणाल म्हणाली. "थांबवलं तर सगळी मोजणी वाया जाईल."

"मग फिरत्या यंत्राला कुंकू लावायचं कसं?"

मृणालचा चेहरा उतरला. तंत्रज्ञ कांबळेकाका हात पुसत पुढे आले. "सर, एरवी आपण देवाला प्रदक्षिणा घालतो. आज देवच घालतोय. तुम्ही नुसतं बोट धरा."

थांबवल्याशिवाय मान देता येत नाही, ही आपली जुनी समजूत. माणसालाही आपण त्याचं काम बंद पाडून, खुर्चीत बसवूनच शाल पांघरतो. पृथ्वी मात्र स्वतःच्या सत्काराला थांबल्याचं ऐकिवात नाही.

संचालकांनी कुंकवाचं बोट चकतीच्या कडेला अलगद टेकवलं. चकती त्याखालून सरकत गेली आणि लाल रेघ फिरून आपल्या सुरुवातीला येऊन मिळाली. मृणालने पडद्याकडे पाहिलं. आलेख आपल्या चालीने चालला होता.

नारळ बाहेर पायरीवर फोडला.