यंदाकाकूंचा लसूण

यंदाकाकूंनी मला स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगितलं की हे त्यांचं शेवटचं वर्ष आहे. एप्रिलमधला शनिवार होता, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या कम्युनिटी गार्डनमध्ये मला भाजी लावायला माझा पहिलावहिला प्लॉट त्याच दिवशी मिळाला होता, आणि शेजारच्या प्लॉटमध्ये हातात खुरपं घेऊन एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. "मराठी ना तू? चेहऱ्यावरूनच दिसून राहिलं. यंदा शेवटचं हं माझं. पुढच्या वर्षी मी नागपूरला, कायमची. ही पाण्याची नळी तुझ्यासाठी ठेवून जाईन." मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी बाई निघाल्या आणि आपण आजच शेजारी आलो. पुढच्या शनिवारी पलीकडच्या प्लॉटवरच्या वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांनी हसत हसत सांगितलं की ते इथे आले त्या वर्षीही या बाई पुढच्या वर्षी जाणार होत्या. त्याला बारा-पंधरा वर्षं तरी झाली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव यंदाकाकू पडलं ते पडलंच.

तो प्लॉट मी घेतला होता चक्क चिडून. फेब्रुवारी महिना, खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ, ग्रीन कार्डाची रांग जिथल्या तिथे. मी नवीन सोफा घेऊ या म्हटलं, तर निखिल, म्हणजे माझा नवरा, लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "उद्या जायला लागलं तर?" सात वर्षं हेच ऐकत होते. उद्या जायला लागलं तर, म्हणून भिंतीला खिळा नाही. उद्या जायला लागलं तर, म्हणून दारात कुंडी नाही. अरे, पण आज राहतोय ना इथे! डोकं असं फिरलं की तिथल्या तिथे गार्डनच्या साइटवर जाऊन एका हंगामासाठी प्लॉट मागून टाकला. पुण्याला आईला कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं बाई, प्लॉट घेतलात? किती गुंठे?" आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात झालं की यांनी अमेरिकेत जमीन घेतली, आता कसले परत येतात.

जमीन कसली, कमरेएवढं वाळलेलं तण होतं. त्यात टोमॅटोच्या झाडाला आधार द्यायचा एक गंजका तारेचा पिंजरा आणि कुणाचा तरी एकच हातमोजा. तण काढलं नाही तर आधी नोटीस येते आणि मग प्लॉट काढून घेतात, हा तिथला नियम. मी मधोमध उभी राहून रडायच्या बेतात होते. काकू कुंपणावरून म्हणाल्या, "मधून कशाला शिरली बाप्पा? कडेनं ये. एक कड धर आणि मागं वळून पाहू नको." मी कड धरली. दुपारपर्यंत एका वाफ्यापुरती काळी माती दिसायला लागली, तेव्हा सात वर्षांत पहिल्यांदा मला या देशात काहीतरी स्वतःच्या हाताने मोकळं केल्यासारखं वाटलं.

काकू कधी बसत नसत. त्यांच्या गाडीच्या डिकीत घडीची खुर्ची असायची, पण ती दुसऱ्यांसाठी. चहा उभ्याने, फोन उभ्याने. त्या इथल्याच एका हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या भूलतज्ज्ञ. "आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवून त्यांच्या उशाशी बसले," त्या म्हणायच्या. "आता बसणं नको आणि झोपणं नको." आणि सदानकदा निघायची घाई. "चल, निघते मी" म्हटलं की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. निघता निघता मिरच्यांना काठी लावणार, निघता निघता माझ्या वांग्यावरचे किडे वेचणार, वॉल्टरचं कंपोस्ट पाहून नाक मुरडणार. त्यांच्या निघण्यात माझी कितीतरी कामं झाली.

मे महिन्यात अक्षय तृतीया आली. "आज आळी करायची," काकूंनी सकाळीच फोन करून हुकूम सोडला. "आजच्या दिवशी लावलेले वेल मांडव मोडतात." वॉल्टर म्हणत होते, दोन आठवडे थांबा, अजून एखाद्या रात्री फ्रॉस्ट पडून रोपं गोठतील. "त्याला काय कळतं मुहूर्तातलं?" काकू म्हणाल्या. मी पडले पुणेरी, पंचांगावर माझा विश्वास नाही, पण काकूंवर होता. दोडका, दुधी, मिरच्या, सगळी रोपं लावली. चौथ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर फोडणीत करपलेल्या कढीपत्त्यासारखी काळीठिक्कर झालेली. माझा संताप संताप झाला. तावातावाने काकूंकडे गेले, तर त्यांचीही तीच गत! त्यांनी शांतपणे डिकी उघडली. आत ट्रे भरून दोडक्याची हिरवीगार रोपं.

"ती पहिली खेप मुहूर्ताची," त्या म्हणाल्या. "ही दुसरी मिशिगनची. दर साली दोन खेपा करते मी, बेसमेंटमध्ये दिव्याखाली."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर पहिली लावली असती का तू? मुहूर्त हुकला असता ना बाप्पा."

मी निमूटपणे ट्रे उचलला. ऑगस्टमध्ये दोडके इतके आले की निखिलने हात जोडले. शेजारपाजारी, ऑफिसात, आमच्या ईराच्या शाळेतल्या टीचरलाही दोडके दिले. "आई, प्लीज, नो मोर ऑफ दॅट ग्रीन थिंग," आमची लेक रोज जेवताना म्हणायची.

नागपूरला काकूंचा फ्लॅट होता, काकांच्या हयातीत घेतलेला. दर हिवाळ्यात त्या तिथे राहायला जायच्या आणि तीन महिन्यांचं तिकीट बदलून पाच-सहा आठवड्यांत परत. एकदा मी टोकलंच, "काय हो काकू, कायमचं राहायचंय तिथे आणि दोन महिनेसुद्धा राहवत नाही?" त्या म्हणाल्या, "अगं, तिथं सगळे बसवूनच ठेवतात. डॉक्टरबाई बसा, डॉक्टरबाई चहा घ्या. आणि इथं अंबाडीचं बी पेरायचं राहून जातं ना!" मुलगा तिकडे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला. तो बोलावून बोलावून थकला होता. त्याला त्या म्हणायच्या, मी नागपूरला चालले, तुझ्याकडे कशाला येऊ?

आणि मग सप्टेंबरात निखिलची नोकरी गेली. दहा मिनिटांची मीटिंग, त्यात निम्मी टीम गारद. आमच्यासारख्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. दोन महिन्यांत दुसरी मिळवा, नाहीतर चंबूगबाळं आवरा. घरात मला बसवेना. निखिल दिवसभर इंटरव्ह्यूंच्या फोनवर येरझाऱ्या घालायचा, ईरा दाराशी येऊन विचारायची, "आर वी मूव्हिंग?" आणि आम्ही दोघं एकदम "नाही" म्हणायचो, ते तिलाही खोटं वाटायचं. मी उठायचे आणि प्लॉटवर जायचे. तिथे दिसेल ते उपटत सुटायचे. एकदा मिरच्यांनी लगडलेली झाडं मुळासकट उपटली. काकूंनी पाहिलं. पडलेल्या झाडांच्या मिरच्या तोडून त्यांनी माझ्या पिशवीत भरल्या.

ऑक्टोबरात मी प्लॉट रिकामा करायला गेले. हवेत चांगलाच गारठा होता. काकू त्यांच्या वाफ्यात ओणव्या होऊन लसणाच्या पाकळ्या मातीत खोचत होत्या.

"आता लावताय? बर्फ पडेल की!"

"पडू दे. बर्फाखाली झोपतो तो. मार्चमध्ये जागा होतो आणि जुलैत निघतो."

"जुलैत तुम्ही नागपूरला असणार ना?"

"हौ."

"मग?"

"मग काय? लसणाला कुठं सांगितलं मी?"

एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्या दिवशी त्यांनी मूठभर पाकळ्या माझ्यापुढे केल्या, म्हणाल्या, "तूही लाव," आणि माझा बांध फुटला. मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडले. म्हटलं, "काकू, मला जुलैचं सांगू नका! पुढच्या महिन्यात आम्ही या देशात असू की नाही माहीत नाही, आणि मी लसूण कसला लावू? तुमच्याकडे पासपोर्ट आहे, घर आहे, तुम्हाला गंमत आहे!"

काकू सरळ उभ्या राहिल्या. कमरेवर हात. मला वाटलं, आता झापणार. पण त्या मातीकडे बघत म्हणाल्या, "मलाही माहीत नाही गं. चाळीसच्या वर वर्षं झाली, मला अजून माहीत नाही मी कुठं राहून राहिली. काकांना म्हणायची, यंदा जाऊ. मग पोरगा शाळेत गेला, म्हटलं पुढच्या साली जाऊ. मग काका गेले." मग पाकळ्यांची मूठ माझ्या जॅकेटच्या खिशात रिकामी केली. "शेंडी वर ठेव. उलटा लावला तरी येतो, पण वाकडा येतो."

मी रागारागातच लावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, निम्मा उलटा लावला असणार. वर काकूंनी त्यांच्या ढिगातला पालापाचोळा आणून पसरला, पोर झोपवल्यासारखा थोपटला आणि म्हणाल्या, "चल, निघते मी." त्या दिवशी मात्र त्या खरंच लगेच निघून गेल्या.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, अगदी शेवटच्या क्षणी, निखिलला इथेच दुसरी नोकरी लागली. सुटलो! पहिला फोन आईला केला आणि दुसरा काकूंना. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता पालापाचोळा उडाला नाही ना, तेवढं जाऊन पाहा."

जानेवारीत, नागपूरला निघायच्या आधीच, काकू पत्रपेटीपाशी बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात भेटायला गेले तर त्या खुर्चीत बसलेल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं आणि दारातच उभी राहिले. त्यांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, "पहिल्यांदा मला कोणी झोपवलं. इतकी वर्षं लोकांना सांगून राहिली, छान झोप लागेल म्हणून. काही छान नसते." मुलगा आला होता. सज्जन माणूस. त्याने आईला एकटीला ठेवायला साफ नकार दिला आणि या वेळी काकूंच्या अंगात भांडायचं बळ नव्हतं. मार्चअखेर घर विकायला निघालं.

मुलाकडे जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "प्लॉटवर ने मला." वॉकर, चिखल, वर भुरभुर बर्फ. गाडीतून उतरणं शक्यच नव्हतं. मी गाडी कुंपणाला लावली आणि एकटी आत गेले. मागून खिडकीतून त्यांचा आवाज, "पानं बाजूला कर! अगं हळू! कोंब मोडशील!" मी बोटांनी पालापाचोळा सारला. खाली हिरवे, ठसठशीत कोंब. त्यांच्याही वाफ्यात आणि माझ्याही. "आले! काकू, आले!" मी तिथूनच ओरडले. वळून पाहिलं तर काकू तोंडावर हात ठेवून रडत होत्या. मी गाडीत येऊन बसले आणि हीटर लावला. त्या दिवशी त्या "निघते" म्हणाल्या नाहीत. यंदा हा शब्दही काढला नाही.

त्यांचा प्लॉट सुटला होता. कुणा अनोळखी माणसाला जाईल या विचाराने मला झोप येईना. घरात भीतभीत विषय काढला. उद्या जायला लागलं तर, हे ऐकायची तयारी ठेवूनच. निखिल म्हणाला, "घे. पण दोडका अर्धाच लावायचा."

जूनमध्ये लसणाच्या वळलेल्या दांड्यांचा मी ठेचा केला, काकू करायच्या तसा. जुलैत लसूण काढला. माझ्या ओळीतले निम्मे गड्डे वाकडे, मान मुरडलेले. दोन्ही वाफ्यांतला लसूण सुकवला, वेणी घातली आणि ऑक्टोबर लागला तेव्हा लावायच्या पाकळ्या बाजूला ठेवून उरलेला खोक्यात भरून क्युपर्टिनोला पाठवला. चार दिवसांनी फोन आला. मागे टीव्ही चालू होता.

"वाकडा तुझा ना?" काकूंनी विचारलं.

"माझाच. कशा आहात?"

"कशी असणार? हातभर बाल्कनी आहे. ऊन आहे, सगळं आहे. पोरगा दिवसभर म्हणतो, आई बस, आई बस. चालते मी आता, काठी घेऊन." मग आवाज एकदम बारीक झाला, शेजारी कोणी ऐकू नये असा. "ऐक. मी त्याला सांगितलं नाही अजून. इथं यंदाच हं. पुढच्या वर्षी मी ॲन आर्बरला. कायमची."

मी बाजूला ठेवलेल्या पाकळ्यांची पिशवी जवळ ओढली.

"ऐकून राहिली ना? माझा प्लॉट कोणाला दिला तर नाही?"

"नाही दिला काकू," मी म्हटलं. "तुमची नळीपण तिथेच आहे."

"मग लसूण लावून ठेव. जुलैत येते मी."

त्या शनिवारी निखिल, ईरा आणि मी, तिघांनी मिळून दोन्ही प्लॉटवर लसूण लावला. काकूंच्या वाफ्यातली एकेक पाकळी मी स्वतः लावली, शेंडी वर.